कमी पटाच्या शाळा बंद करा म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

परत तोच मेसेज फिरतोय. कमी पटाच्या, म्हणजे थोडीच मुलं असलेल्या शाळा बंद करून मुलं मोठ्या शाळेत नेली तर त्यांचंच भलं आहे, विरोध करतात ते फक्त शिक्षक, नोकऱ्या वाचवायला, आणि संघटना पोरांना पुढे करून राजकारण करतात.

आधी नोकऱ्यांचं. जिल्हा परिषदेची शाळा बंद झाली तर तिथल्या कायम शिक्षकाचं दुसऱ्या शाळेत समायोजन होतं, त्याची नोकरी जात नाही. जाते ती वाडीवरची शाळा.

विरोध फक्त शिक्षकांचा? ऑक्टोबर २०२२ आठवा. इगतपुरी तालुक्यातली दरेवाडी, भाम धरणामुळे उठवलेली वस्ती. शाळा बंद केली म्हणून आदिवासी पोरं आणि आईबाप बकऱ्या घेऊन थेट नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेले, "दप्तर घ्या, बकऱ्या द्या" म्हणत, कारण शाळा नसेल तर पोरांच्या हातात बकऱ्यांशिवाय दुसरं काय येणारे? सोबत होती श्रमजीवी संघटना, आणि ती शिक्षकांची नाहीच मुळी, वेठबिगारांना सोडवता सोडवता उभी राहिलेली कष्टकरी आदिवासींची संघटना आहे. वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या त्या याच कार्यकर्त्यांच्या विधायक संसद या संस्थेने, कारण आईबाप भट्टीवर गेले की पोरगं पण जातं आणि वर्ष बुडतं, मग मजुरीचा प्रश्न वेगळा आणि शाळेचा वेगळा असं त्यांना करताच येत नाही. आणि पोरांना पुढे करतात म्हणजे काय हो, शाळा त्यांचीच गेली ना, मग तेच पुढे येणार.

मोठ्या शाळेत सोयी जास्त असतात, मान्य. पण आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या नियमात पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत हवी असं आहे ते उगाच नाही. भर पावसात ओढा ओलांडून सहा वर्षांची पोरगी रोज जाईल का, आणि गाडी चार दिवस आली नाही तर पहिली घरी बसते ती मुलगीच.

शिक्षक संघटना पगारासाठी भांडतात हे खरंय, आणि भांडलंच पाहिजे. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला, म्हणजे सुरुवातीची वर्षं मानधनावर असलेल्या नव्या शिक्षकाला, २०२२ संपेपर्यंत महिन्याला ६,००० रुपये मिळायचे, जानेवारी २०२३ पासून १६,००० झाले. सहा हजारात घर चालवायच्या काळजीतला माणूस वर्गात मन लावून कसा शिकवणार?

आणि त्या मेसेजची शेवटची ओळ, "आंदोलनांनी काही होत नाही". फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलला, १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला आरटीईच्या, गरीब-वंचित मुलांसाठी राखीव २५ टक्के जागांतून सूट. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या, १९ जुलै २०२४ ला मुंबई हायकोर्टानं तो बदल रद्द केला.