‘हाताने घालवलेले केस’: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसगळतीविषयी समाजमाध्यमांवर एक दावा वारंवार फिरतो, आणि मराठीत तो येतो तेव्हा त्याला ‘आपल्या आज्या तेल लावत होत्या’ या अभिमानाची फोडणीही मिळते. दावा थोडक्यात असा: या स्त्रिया करकचून वेण्या घालतात, केस सरळ करण्यासाठी रसायने लावतात, वर टोप आणि गंगावने चढवतात, म्हणून त्यांचे केस जातात, हे सोडून डोक्याला एरंडेल चोळले की केस परत येतात आणि त्यासाठी डॉक्टरकडे जायची गरज नाही. यातला एक तुकडा खरा आहे आणि त्याच्याच भरवशावर बाकीचे खपून जाते, म्हणून आधी त्या खऱ्या तुकड्याकडे पाहू.

केस सतत ओढले गेल्याने टक्कल पडते, हे निर्विवाद आहे. मात्र या विकाराचे जुने वर्णन १९०७ सालचे आहे आणि ते आफ्रिकेतले नसून ग्रीनलंडमधल्या, केस घट्ट वर बांधणाऱ्या स्त्रियांचे आहे. ओढ कोणत्याही वंशाच्या केसांना सोडत नाही. दक्षिण आफ्रिकेत त्वचारोगतज्ज्ञ नॉनह्लान्हला खुमालो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत शाळकरी मुलींपैकी १७.१ टक्के आणि प्रौढ स्त्रियांपैकी ३१.७ टक्के जणींमध्ये हा विकार आढळला. त्याची चाहूल सहज ओळखता येते. नव्या वेण्या घातल्यावर प्रत्येक मुळाशी त्वचा तंबूच्या कापडासारखी उचललेली दिसते, कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या येतात आणि रात्री उशीवर डोके टेकवत नाही. हे दुखणे ‘दोन दिवसांत सवय होईल’ म्हणून सोसायचे नसते. त्याच दिवशी वेण्या सैल करायच्या असतात. पुढे कानशिलांवरचे केस विरळ होतात, पण अगदी कडेला, वेणीत न सापडलेल्या आखूड मऊ केसांची एक झालर शिल्लक राहते आणि तिच्या मागे रिकामा पट्टा दिसतो. ओढ वेळेत थांबली तर हे केस परत येतात. वर्षानुवर्षे चालू राहिली तर मुळे कायमची जातात. म्हणजे दाव्यातला जो भाग खरा आहे, तिथेही ‘केस परत येतात’ हे आश्वासन मुदतीचेच आहे.

शिवाय ‘सोडून द्या’ हा सल्ला देणाऱ्याला काहीच मोजावे लागत नाही. अमेरिकेत केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून शाळेत किंवा नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा कॅलिफोर्नियाने सर्वांत आधी केला, तोही २०१९ मध्ये. ज्या ठेवणीबद्दल शाळेतून घरी पाठवले जाते किंवा नोकरी नाकारली जाते, ती बदलण्यासाठी रसायन लावणाऱ्या बाईला हौशी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. (तिरुमला येथे वाहिलेले केस लिलावातून परदेशी जातात आणि त्यांची गंगावने होतात, तेव्हा आपण या व्यवहारापासून वाटतो तितके दूर नाही.)

दाव्याची खरी गफलत मात्र टाळूवर आहे. कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये प्रामुख्याने आढळणारा, टाळूच्या मध्यापासून सुरू होऊन वर्तुळासारखा बाहेर पसरणारा एक व्रणकारी, म्हणजे केसांच्या मुळांच्या जागी कायमचा व्रण ठेवणारा, आजार आहे. त्याचे इंग्रजी नाव लांबलचक असल्याने डॉक्टर त्याला ‘सीसीसीए’ म्हणतात. १९६८ मध्ये त्याचे वर्णन झाले तेव्हा त्याला तापवलेल्या फणीचे टक्कल असे नाव मिळाले, कारण केस सरळ करायला वापरल्या जाणाऱ्या तापवलेल्या फणीने वितळलेले पेट्रोलियम जेली केसांच्या मुळांत उतरून ती जाळते, असा तर्क होता. १९९२ मध्ये स्पर्लिंग आणि साऊ या डॉक्टरांनी रुग्णांची नीट तपासणी केली, तेव्हा फणीचा वापर आणि आजार यांचा मेळ बसेना. पुढे २०१९ मध्ये आफ्रिकी वंशाच्या ५८ स्त्रियांपैकी १४ जणींमध्ये ‘पॅडी३’ या जनुकात बदल सापडले. केसाची काडी नीट घडण्यासाठी लागणाऱ्या एका विकराची (एन्झाइमची) कृती या जनुकात असते. सगळ्याच रुग्णांचा उलगडा त्याने होत नाही, आणि ओढ किंवा रसायने आजारात भर घालत असतील ही शक्यताही खोडून निघत नाही. पण आईची टाळू अशीच विरळ होती असे सांगणाऱ्या मुलीला ‘तू वेण्या घातल्यास म्हणून’ असे उत्तर देणे चूकच आहे.

काही स्त्रियांच्या डोक्यावर गोल चकत्या पडतात, म्हणजे ज्याला आपण चाई म्हणतो. ती शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच केसांच्या मुळांवर केलेल्या हल्ल्यातून येते. अमेरिकी काँग्रेसच्या सदस्य अयाना प्रेस्ली यांनी २०२० मध्ये आपले केस याच विकाराने गेल्याचे जाहीर केले. तिथे केशरचनेचा दोष शोधत बसणे निरर्थक आहे.

आता एरंडेल. घट्ट कुरळ्या केसाचा छेद चपटा असतो आणि त्वचेतले तेल वळणावळणाने शेंड्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे केस कोरडा राहून चटकन तुटतो. त्यावर तेलाचा लेप दिला तर तुटणे कमी होते, म्हणून केस ‘वाढला’ असे भासते. एवढे श्रेय तेलाला द्यावे. पण टाळूवर जिथे मुळांच्या जागी व्रण झाला आहे, तिथे कोणत्याही तेलाने मूळ उगवत नाही. उलट कोंडा आणि खाज असलेल्या त्वचेवर जाड तेल थापल्याने त्रास वाढू शकतो. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचेही तसेच: शरीरात कमतरता नसेल तर त्यांचा लाभ सिद्ध नाही, आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी केली जाणारी ट्रोपोनिनची चाचणी त्यांच्यामुळे चुकू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला आहे.

‘डॉक्टर लागत नाही’ हे वाक्य मला सर्वांत घातक वाटते, कारण टाळूवरच्या व्रणकारी आजारात गेलेली वेळ परत मिळत नाही. अमेरिकेतील ५,५९४ कृष्णवर्णीय स्त्रियांच्या, २०१६ मध्ये मांडल्या गेलेल्या पाहणीत ४७.६ टक्के स्त्रियांनी टाळूवरचे केस गेल्याचे सांगितले, आणि पाचांपैकी चार जणींनी त्यासाठी डॉक्टर गाठलेच नव्हते. उपचार आहेत: दाह शमवण्यासाठी तीव्र स्टेरॉइडचे मलम किंवा त्वचेत इंजेक्शन, डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या, आणि उरलेल्या मुळांना बळ देण्यासाठी मिनॉक्सिडिल हे औषध. त्यांचे पहिले उद्दिष्ट आजार पसरू न देणे हे असते, गेलेले आणणे नव्हे. लोह आणि थायरॉइड तपासले जाते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सीसीसीएच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा १३.९ टक्के स्त्रियांना गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी होत्या. हा आजार नसलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ते प्रमाण ३.३ टक्के होते. एकामुळे दुसरे होते असे यातून सिद्ध होत नाही, पण टाळू विरळ झालेल्या बाईला पाळीच्या तक्रारींविषयी विचारायला एवढे कारण पुरेसे आहे.

तपासणीला जाताना वेण्या आणि गंगावने सोडून जावे, म्हणजे टाळूची त्वचा दिसेल. तिथे बोट फिरवल्यावर त्वचा गुळगुळीत आणि चकचकीत लागत असेल, केसांची छिद्रे दिसत नसतील, तर डॉक्टर त्वचेचा तुकडा काढून तपासण्याचा सल्ला देतील. हा तुकडा टकलाच्या मधोमध नव्हे, तर कडेला, जिथे अजून केस आहेत तिथून घेतला जातो, कारण चालू असलेला दाह तिथेच सापडतो.