एकास बहात्तर

भाच्याने फ्रान्सहून येताना माझ्यासाठी हेलिकॉप्टरच्या प्लास्टिक मॉडेलचे किट आणले. निवृत्त झालेल्या मामाला काहीतरी शांत छंद असावा, हा त्यामागचा त्याचा हेतू शुद्ध होता, हे मी प्रारंभीच नमूद करतो. खोक्यावर ‘अलुएत ३’ असे नाव होते. परंतु चित्र पाहताच मी ओळखले की हे तर आपले चेतक. १९५९ साली फ्रान्समध्ये पहिल्यांदा उडालेले हे यंत्र पुढे परवाना घेऊन बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बनू लागले आणि त्याला महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव मिळाले. साहजिकच मी ते भारतीय हवाई दलाच्या रूपात उभे करण्याचा निश्चय केला आणि आपल्या वर्तुळाकार चिन्हांचे डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ चित्रे, वेगळे मागवले.

किटचे प्रमाण एकास बहात्तर होते. सहा फुटांचा एक इंच, असा त्याचा साधा हिशेब आहे; म्हणजे सहा फुटी वैमानिक इंचभर उरतो आणि अकरा मीटर व्यासाचा मुख्य पंखा जेमतेम पंधरा सेंटिमीटरांचा होतो. हे गणित कागदावर फार गोड वाटते. त्याचा खरा अर्थ, दरवाजाची मूठ चिमट्यातून टुणकन उडते आणि ती कुठे पडली हे फक्त तिलाच ठाऊक असते, त्या क्षणी कळतो.

आमच्या घरात जुनी मोझॅकची फरशी आहे. राखाडी, काळ्या आणि पांढऱ्या खड्यांच्या त्या फरशीवर राखाडी प्लास्टिकचा दीड मिलिमीटरचा तुकडा जसा लपतो, तसे सैन्य जंगलातही लपत नसेल. मोबाइलची बॅटरी लावून, गाल फरशीला टेकवून मी पाऊण तास शोध घेतला. त्यात मुगाचे दोन दाणे, एक मोडकी सेफ्टी पिन आणि बायकोच्या कानातल्याची, दोन वर्षांपूर्वी हरवलेली फिरकी एवढा ऐवज हाती लागला. बायकोला अतिशय आनंद झाला. “अहो, अजून एखादी मूठ पाडा ना,” ती म्हणाली, “माझं पैंजणाचं घुंगरूही सापडत नाहीये.” मूठ अखेरीस माझ्याच कोपराला चिकटलेली निघाली.

रंगकामाविषयी फार लिहीत नाही. ज्या घरात धुळीचा कण नाही असे गृहिणी छातीठोकपणे सांगते, त्या घरातील सगळी धूळ ओल्या रंगावर येऊन बसते, एवढेच सांगतो. खरा पेच डेकलचा होता. डेकल कोमट पाण्यात अर्धा मिनिट भिजवायचे, कागदावरून सुटू लागले की ओल्या ब्रशने अलगद सरकवत जागेवर न्यायचे, आणि तोवर श्वासही बेताने घ्यायचा. बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि आत हिरवे असे ते देखणे वर्तुळ मी शेपटाच्या दांडीपर्यंत सुखरूप आणले होते. इतक्यात छताच्या पंख्याची झुळूक आली, वर्तुळ दुधावरच्या सायीसारखे स्वतःभोवती गुंडाळले गेले आणि पुन्हा उलगडले नाही. त्या दिवसापासून मी बैठकीच्या खोलीतला पंखा बंद ठेवण्याचा हुकूम काढला. महिना मे होता.

“म्हणजे त्या चिमुरड्या पंख्यासाठी आमचा पंखा बंद?” वर्तमानपत्राने वारा घेत बायकोने विचारले. दोन्ही पंख्यांना पातीही तीनतीनच असल्यामुळे मला पटकन उत्तर सुचले नाही.

चेतकाचा पुढचा सगळा भाग काचेचा असतो आणि चालकासह सात जण आत बसतात. बाहेरून सगळे दिसणार, म्हणून मी आठ दिवस घाम पुसत आसने रंगवली, कापडी पट्टे ओढले आणि दातकोरणीच्या टोकाने डायलवर पांढरे ठिपके दिले. नवव्या दिवशी काच बसवताना नेहमीचा मॉडेलचा गोंद सावकाश वाळतो म्हणून मी घाई केली आणि झटपट चिकटणारा गोंद वापरला. सकाळी पाहतो तो काचेवर आतून पांढरे धुके. त्या गोंदाची वाफ काचेवर जमते, हवा खेळती असेल तर हा धोका पुष्कळ कमी होतो, ही माहिती मला त्यानंतर मिळाली. हवा खेळू नये याचा बंदोबस्त तर मी स्वतःच, बायकोचा विरोध मोडून, पंधरा दिवस केला होता.

शेजारचे काका येऊन काचेला डोळा लावून म्हणाले, “आषाढातलं लोणावळा दाखवलंय वाटतं. छान.” आतल्या डायलविषयी मी त्यांना तोंडी माहिती दिली.

मॉडेल आता शोकेसच्या वरच्या फळीवर आहे. मुख्य पंखा फिरता राहावा म्हणून तेवढाच मी चिकटवला नव्हता. संध्याकाळी बायकोने उठून बटण दाबले आणि रेग्युलेटर पाचावर नेला. छतावरचा पंखा कुरकुरत वेग घेऊ लागला. थोड्या वेळाने चेतकाची पाती थरथरली आणि पाव वळसा फिरून थांबली.

“बघा, फिरतंय की,” ती म्हणाली. “आता बंद करायला सांगू नका.”