अर्धा आणा

आमचं आणि तात्यांचं भांडण अर्ध्या आण्याचं आहे. हे सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं मी भांडण किरकोळ असल्याची कबुली देतोय. तसं नाही. जुन्या मोजणीत 33 फुटांची साखळी असायची आणि साखळीचे 16 आणे. म्हणजे एक आणा दोन फुटांच्या किंचित वर आणि अर्धा आणा एका फुटाच्या किंचित वर. फूटभर जमिनीसाठी भांडणारा माणूस मी नव्हे. पण त्या किंचितसाठी माझे वडील तीस वर्षं तात्यांशी बोलले नाहीत. गणपतीत बोलायचे, तेही आरतीच्या चालीत. मग मी काय करणार?

तात्या आमच्या भावकीतले. त्यांचं आणि आमचं घर मालवण तालुक्यातल्या एका वाडीत शेजारीशेजारी आहे, मधे गडगा. मी डोंबिवलीत. मधे पावणेपाचशे किलोमीटर आणि कशेडीचा घाट (आता बोगदा झालाय, पण मुलांची तिथे उलटी करायची सवय गेलेली नाही). घर वर्षातले अकरा महिने बंद असतं.

ज्यांनी गडगा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गडग्यात सिमेंट नसतं, चुना नसतो. दगडावर दगड रचलेले, आणि फटींतून सरडे, विंचू, कधीमधी एखादं फुरसं. आमच्याकडे पाऊस 3000 मिलिमीटरच्या वर पडतो. जुलैत माती फुगते, गडग्याला सहावा महिना लागल्यासारखं पोट येतं आणि एका रात्री धडाड. पडलेला गडगा कोण घालणार? जो गावात असतो तो. आणि घालणाऱ्याचा हात आपसूक पलीकडे झुकतो. मुद्दाम नव्हे हो! वर्षाला दोन बोटं फक्त. त्यामुळे गडगा हा माझ्या मते चालणारा प्राणी आहे, फक्त त्याची चाल बघायला तीन पिढ्या लागतात. आमचा गडगा आजोबांच्या वेळी माडाच्या पलीकडे होता. वडिलांच्या वेळी माडाला टेकला. माझ्या वेळी माड तात्यांचा झाला.

घर माझ्या नावावर आल्यावर पहिली गोष्ट केली ती कुलपाची. सात लिव्हरचं, पितळी, हातात घेतलं तर मनगट दुखेल असं. तात्या गडग्यापलीकडून बघत होते.

"एवढा मोठा कुलूप लायलंस," ते म्हणाले, "तर चोराक वाटताला आत कायतरी आसा."

आत तांब्याचा बंब, एक घंगाळ, चार पाट आणि आजोबांचा फोटो होता. तेव्हापासून मला रात्री झोपताना वाटायला लागलं, की चोर कुलूप फोडून आत जाईल आणि आमची परिस्थिती बघून वाडीभर सांगत सुटेल.

मग वाडीत सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, राखणदाराला (म्हणजे जागा राखणाऱ्या, न दिसणाऱ्या देवाला) नारळ दे, कोंबडा बोल, तो रात्री काठी आपटत फिरतो. मी नारळ दिला. गाऱ्हाणं घालणाऱ्याने माझ्या घरादाराच्या, गुरावासराच्या (गुरं नाहीत) राखणीसाठी देवाला साकडं घातलं आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने तात्या म्हणाले. दुसरा म्हणाला, शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा परवाना काढ. तात्यांकडे आहे ना, आज्याच्या वेळची, ठासणीची. तिच्यातून ते माकडांसाठी हवेत बार काढतात. पण निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. आपल्याकडे निवडणुका किती होतात ते तुम्हाला ठाऊकच आहे. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत. माकडांना आचारसंहिता कधी लागते ते पाठ झालंय, त्या दिवशी ती घरात येऊन भाताचं टोप उघडतात, असं तात्या शपथेवर सांगतात.

शेवटी मी कॅमेरा बसवला. सौरऊर्जेवर चालणारा, आत सिमकार्ड, हालचाल झाली की फोनवर निरोप आणि वर बोलायची सोय. पडवीच्या खांबाला लावला, तोंड अर्धं दाराकडे, अर्धं गडग्याकडे. खरं सांगायचं तर पाऊण गडग्याकडे.

पहिल्या आठवड्यात 214 निरोप आले. "हालचाल आढळली." कोंबडी. "हालचाल आढळली." केळीचं पान. "हालचाल आढळली." तीच कोंबडी, परत जाताना. आठव्या दिवशी सकाळी मी डोंबिवलीहून फास्ट पकडून, दारापासून तिसऱ्या माणसाच्या काखेत उभा होतो, तेव्हा फोन थरथरला. कसाबसा खिशातून काढून बघतो तर तात्या. पंचा, उघडं अंग, आणि दोन्ही हातांत पोटाशी धरलेला एक दगड. गडग्याच्या दिशेने निघालेले.

माझं रक्त उसळलं. माइक दाबला आणि पूर्ण डब्याला ऐकू जाईल असा ओरडलो, "तो दगड खाली ठेवा!"

डब्यात एकाने खरोखर बॅग खाली ठेवली.

तिकडे तात्यांनी दगड सोडला. पाय थोडक्यात वाचला. त्यांनी आधी आभाळाकडे बघितलं, मग माडाकडे, मग राखणदाराच्या दिशेने हात जोडले. मी पुन्हा बोललो तेव्हा कुठे त्यांना खांब सापडला. ते जवळ आले. इतके जवळ, की पडद्यावर आधी एक डोळा, मग नाक, मग पानाने रंगलेले चार दात आणि कानातले पांढरे केस एवढंच आळीपाळीने दिसत होतं.

"कोण रे? झिला, तू? खय आसस?"

"गाडीत. ठाणं येतंय."

"मगे ठाण्यातच रव. ह्यो दगड माझ्या परसातलो हा. आणि गडगो पडलो तर कोण घालतलो? तुझो क्यामेरो?"

डबा हसला. माझ्या बाजूने नाही हसला, हे विशेष. त्या दिवसापासून आमच्या गाडीतल्या ग्रुपमध्ये गडगा हा रोजचा विषय झाला. भजन मागे पडलं. मुलुंडपर्यंत "आज काय हालचाल?" आणि पुढे त्यावर चर्चा. दोन तट पडले. चौथ्या सीटवाले तात्यांकडून, खिडकीवाले माझ्याकडून. आमच्यातले एकजण वकिलाकडे पंचवीस वर्षं कारकून आहेत, त्यांना आम्ही वकीलसाहेब म्हणतो. ते म्हणाले, "खासगी बचावाचा अधिकार आहे ना तुम्हाला. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम 96 ते 106 होती. 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेत 34 ते 44. स्वतःच्या मालमत्तेचा बचाव करता येतो."

मी छाती काढली. तेवढी जागा डब्यात नव्हती.

"पण," ते म्हणाले (वकिलाच्या कारकुनाचं पहिलं वाक्य कधी खरं धरू नये), "गरजेपुरताच. आणि पोलिसांकडे किंवा सरकारी अधिकाऱ्याकडे जायला वेळ असेल तर हा अधिकार नाही. तुम्ही पावणेपाचशे किलोमीटर लांब आहात. तुम्हाला वेळच वेळ आहे."

म्हणून मी सरकारी मार्गाने गेलो. हद्द कायम मोजणीचा अर्ज केला, फी भरली, लगतच्या कब्जेदारांना नोटिसा गेल्या. तात्यांना नोटीस मिळाली ती मी कॅमेऱ्यात बघितली. त्यांनी ती उलटी धरून दोनदा वाचली, मग कॅमेऱ्यासमोर धरली आणि विचारलं, "ह्येच्यात माझा नाव चुकलाहा. आता काय करूचा?" मला डोंबिवलीतून शुद्धलेखन सांगावं लागलं.

मधे जुलै येऊन गेला. जुलैत कोकणात सूर्य सुट्टीवर असतो, त्यामुळे सौरऊर्जेचा कॅमेरा बरोबर त्याच महिन्यात आंधळा झाला ज्या महिन्यात गडगा पडतो. ऑगस्टमध्ये त्याने डोळे उघडले तेव्हा गडगा उभा होता, स्वच्छ, नवा आणि माझ्या पायरीच्या दिशेने जरा पुढे सरकलेला. धृतराष्ट्र बसवला असता तर निदान संजय तरी मिळाला असता.

जानेवारीत मोजणीवाले आले. साखळी गेली, आता रोव्हर आहे, काठीवर बसवलेलं मशिन, उपग्रहाकडून जागा विचारतं. हातात मात्र जुन्या टिपणाची नक्कल, त्यात आकडे साखळी-आण्यांतच. मी रजा टाकून गेलो होतो. तात्या कडक इस्त्रीच्या शर्टात होते, जणू मुलगी बघायला आलेत. काठी पुढे, तिच्या मागे मी, माझ्या मागे तात्या, तात्यांच्या मागे वाडी आणि सगळ्यांच्या मागे ती कोंबडी, जिला मी आता चेहऱ्याने ओळखतो. एक खूण झाली. दुसरी झाली. तिसऱ्या खुणेसाठी मोजणीवाले पुढे गेले, थांबले, मागे आले, पुन्हा गेले आणि डोकं खाजवून म्हणाले, "पॉइंट इथे आहे."

इथे म्हणजे फणसात. जुन्या, दोघांच्या कवेत न मावणाऱ्या फणसाच्या बुंध्याच्या पोटात. कोणा पूर्वजाने हद्दीची खूण म्हणून रोप लावलं असणार. रोपाने शतकभर दोन्हीकडे पाय पसरले आणि आमचा अर्धा आणा गिळून टाकला.

"झाड तोडून दगड रोवता येईल का?" मी विचारलं.

"फणस 1964 च्या वृक्षतोड कायद्यातल्या झाडांत येतो," मोजणीवाले म्हणाले. "परवानगी लागेल."

तात्या माझ्याकडे बघत होते. काय बोलले नाहीत. मोजणीवाल्यांनी बुंध्यावर लाल रंगाचा बाण काढला आणि फणस खाली पडेल म्हणून जरा बाजूला सरकून चहा घेतला. क प्रत, म्हणजे मोजणीचा सरकारी नकाशा, यथावकाश आली. गडगा जिथे होता तिथेच राहिला, कारण तो हलवायचा तर मजुरी कोणी द्यायची यावर आम्हा दोघांचं एकमत होतं: दुसऱ्याने.

आणि मग मे महिन्यातली ती रात्र. दोन वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला. कोंबडी, असं म्हणून मी कूस वळवली. पुन्हा थरथरला. बघतो तर करड्या पडद्यावर दोन माणसं, तोंडं बांधलेली, एकाच्या हातात पहार. माझ्या सात लिव्हरच्या कुलपाला ती आदराने हात लावून बघत होती.

तात्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता. भांडणात नंबर कोण ठेवतो? पोलिसांना लावावा तर बोटं चालेनात. घसा कोरडा. माइक दाबला आणि गर्जना केली, "कोण आहे तिकडे!" पण नेटवर्क असं, की तिकडे पोचलं ते फक्त "को... को... को..." चोरांपैकी एकाने पायाशी वाकून बघितलं. कोंबडी शोधत होता.

तेवढ्यात पडद्याच्या कडेने आवाज आला. "कोण तो रे? खय शिरतास?"

पंचा, टॉर्च, हातात कोयती. सत्तरी ओलांडलेला माणूस माझ्या खळ्यात एवढा मोठा दिसेल असं मला वाटलं नव्हतं. दोघे पळाले ते सरळ गडग्याकडे. एकाने उडी मारली, दुसऱ्याने चढायचा प्रयत्न केला, आणि जुलै महिन्याची वाट न बघता गडगा त्याच्यासकट धडाड. धूळ बसली तेव्हा खळ्यात तात्या आणि एक चप्पल एवढंच उरलं होतं.

ते कॅमेऱ्याजवळ आले. डोळा, नाक, दात.

"गेले. निज आता."

ते मात्र गेले नाहीत. माझ्या पडवीच्या पायरीवर बसले, कोयती मांडीवर. उजाडेपर्यंत दर थोड्या वेळाने माझा फोन थरथरत राहिला. हालचाल आढळली. दरवेळी उघडून बघायचो. काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका वर जायचा, मोठा व्हायचा, खाली यायचा. बिडी.

सकाळी गाडीत सगळ्यांना सांगितलं. वकीलसाहेब म्हणाले, कायद्यात आहे, माणसाला दुसऱ्याच्या मालमत्तेचाही बचाव करता येतो, कलम 35. चौथ्या सीटवाले माझ्याकडे असे बघत होते, की जणू चोर मीच. तेवढ्यात फोन थरथरला. आठजणांनी माना घातल्या.

तात्या पडलेला गडगा घालत होते. एकटेच. दगड उचलत, फिरवून बघत, बसवत. आणि नवी रांग जुन्या खुणेपासून चांगली चार बोटं अलीकडे, माझ्याकडे. उन्हात स्पष्ट दिसत होती.

"चार बोटं," खिडकीवाला म्हणाला.

"पाच," वकीलसाहेब म्हणाले. "क प्रत आहे तुमच्याकडे. बोला."

डबा गप्प झाला. माझा अंगठा माइकवर होता. तिकडे तात्यांनी वरचा मोठा दगड ठेवला, तो डुगडुगला. त्यांनी तो फिरवला, पुन्हा ठेवला, पुन्हा डुगडुगला. त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि खांबाकडे बघितलं.

मी माइक दाबला.

"तात्यानू," मी म्हटलं, "वरचो दगड हलता. खाली चीप घाला."