डिस्गस्टिंग म्हणायला शिका

घाण, किळस, शिसारी, ओंगळ हे शब्द आता विसरा. फ्लॅटमध्ये राहायचं तर 'डिस्गस्टिंग' म्हणता आलं पाहिजे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा रविवारी याचा मोफत क्लास झाला, त्याच्या या नोट्स.

उच्चार: 'गस'वर जोर द्या, नाक आपोआप वर जातं.

ग्रामरचं टेन्शन घेऊ नका. एका ताईंनी "आय अॅम व्हेरी डिस्गस्टिंग" असं टाकलं. मी लगेच अंगठा दिला, अगदी मनापासून.

आता मुख्य मुद्दा. हा शब्द कायम दुसऱ्याच्या ताटाला लावायचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून आगोटीला, म्हणजे पावसाळ्याआधीच, सुके बोंबील, जवळा, सोडे डब्यात भरून ठेवायचे ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तर आईने रविवारी बोंबलांची डोकी-शेपट्या काढून, तुकडे तव्यावर भाजून कांदा-बटाटा-आमसूल घालून केले, वास जिन्यात गेला, आणि लगेच ग्रुपवर "हू इज कुकिंग धिस डिस्गस्टिंग थिंग", खाली हिरव्या तोंडाचे इमोजी, त्याखाली "फॅमिली सोसायटी आहे ही", म्हणजे आम्ही कोण, भुतं? आणि हेच साहेब युरोप टूरवरून आणलेलं बुरशीच्या निळ्या रेघांचं चीज मोज्यासारखा वास मारत असताना पाहुण्यांना चारतात, तेव्हा ती 'अॅक्वायर्ड टेस्ट' असते!

जाताजाता थोडं ज्ञान. शब्दाचं मूळ लॅटिन 'गुस्तुस', म्हणजे चव. डार्विनने १८७२च्या पुस्तकात लिहिलंय, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला तिएरा देल फुएगोत तो टिकवलेलं थंड मांस खात होता, तिथल्या एका माणसाने त्या मांसाला बोट लावून बघितलं आणि त्या लिबलिबीतपणाची त्याला किळस आली. डार्विनला किळस आली ती त्या माणसाने बोट लावल्याची, हात काही घाण दिसत नव्हते तरी. मांस एकच, किळसा दोन, पण पुस्तक लिहिलं डार्विनने. ग्रुप अॅडमिनचं तसंच असतं.

लिफ्टमधल्या गुटख्याच्या पिचकाऱ्यांना मात्र डिस्गस्टिंग म्हणायचं नाही, तो 'मेंटेनन्स इश्यू'.

बास झालं आता. वास येतो तर खिडकी लावा ना! आईने तो मेसेज वाचलाय, तेव्हापासून ती साधी कोथिंबीर चिरतानासुद्धा आधी दार लावते. तुमच्या आईच्या वयाची बाई आहे. जेवत्या ताटाला नावं ठेवू नये एवढंही घरी शिकवलं नाही का कुणी? एवढं शिकलात, लाखांत पगार घेता, आणि एका म्हातारीला तिच्याच स्वयंपाकघरात चोर करून ठेवलंत. लाज वाटू द्या जरा. जवळा अजून डबाभर शिल्लक आहे, तो होणार, आणि दार सताड उघडं असणार.