मानसोपचारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा जाताय? काउंटरच्या या बाजूने चार गोष्टी

मानसोपचाराची चिठ्ठी लोक काउंटरवर पालथी ठेवतात. रक्तदाबाची, साखरेची चिठ्ठी अशी कुणी ठेवत नाही. मग शेजारचं गिऱ्हाईक जाईपर्यंत मोबाईल चाळत थांबतात आणि हळूच विचारतात, "ताई, मला नेमकं काय झालंय, यावरून कळतं का हो?"

मी फार्मासिस्ट आहे. बरीच वर्षं या खुर्चीत काढली आहेत आणि हा प्रश्न ऐकून अजूनही माझी चिडचिड होते. विचारणाऱ्यावर नाही. जो प्रश्न आत बंद दाराआड, पैसे मोजून घेतलेल्या भेटीत विचारायचा, तो औषधवालीला विचारावा लागतो याची.

आणि गंमत म्हणजे मला त्याचं उत्तर देताच येत नाही. मानसोपचारातल्या गोळीवरून आजार ओळखता येत नाही. क्वेटियापिन स्किझोफ्रेनियात (भास-भ्रमांचा गंभीर आजार) देतात, बायपोलरमध्ये (कधी खोल उदासी, कधी अति उत्साह) देतात, नैराश्यात दुसऱ्या गोळीच्या जोडीला देतात आणि कमी डोसमध्ये निव्वळ झोपेसाठीही पुष्कळ डॉक्टर लिहितात. व्हॅल्प्रोएट फिट्सवर चालतं, बायपोलरवर चालतं, मायग्रेनवरही चालतं. माणूस घरी जाऊन नेटवर गोळीचं नाव टाकतो, पहिल्याच ओळीत 'स्किझोफ्रेनिया' वाचतो, रात्रभर जागतो आणि सकाळी पाकीट कचऱ्यात टाकतो. डॉक्टरांनी फक्त झोपेसाठी दिलेली असते ती!

माझं मत स्पष्ट आहे. खाजगी सायकियाट्रिस्टकडे जाताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: तिथे दुसरी नजर नसते. मोठ्या रुग्णालयात ज्युनिअर डॉक्टर हिस्ट्री घेतो, सीनियर ती तपासतो, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतो, सोशल वर्कर घरच्यांशी बोलतो. गर्दी असते, धक्के खावे लागतात, पण एकाच्या हातून काही निसटलं तर दुसऱ्याच्या लक्षात येण्याची शक्यता असते. खाजगी दवाखान्यात बहुतेकदा एक डॉक्टर, एक रिसेप्शनिस्ट आणि एक फाईल. निवांतपणा मिळतो, दर वेळी तोच डॉक्टर भेटतो, आणि हा फायदा मी मुळीच कमी लेखत नाही. पण डॉक्टरांच्या नजरेतून काही सुटलं, तर पकडायला तिथे दुसरं कोणी नाही. ते दुसरं कोणी तुम्हीच व्हायचं असतं.

"ज्याला चार रात्री झोप नाही, त्याने हे सगळं करायचं?" असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणूनच ही तयारी आधी, थोडी थोडी, कागदावर आणि शक्यतो कुणाच्या तरी मदतीने करायची.

अपॉइंटमेंट घेताना फोनवरच काही विचारून घ्या. पहिली भेट किती वेळाची असते? डॉक्टर फक्त औषधं देतात की थेरपीही करतात? थेरपीसाठी दुसरीकडे पाठवत असतील तर कुणाकडे? (सायकियाट्रिस्ट हा आधी वैद्यकीय डॉक्टर असतो आणि औषधं लिहितो, सायकॉलॉजिस्ट प्रामुख्याने बोलण्यातून उपचार करतो. चुकीच्या दारात दोन महिने गेलेली माणसं मी पाहिली आहेत.) सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र कुणीच विचारत नाही: गोळी सुरू केल्यावर मध्येच त्रास झाला तर फोन कुणी उचलतं का, आणि सुट्टीच्या दिवशी काय करायचं? उत्तर गोलमोल आलं तर तीही माहितीच.

आणि एक. जीव देण्याचे विचार जोरात येत असतील, किंवा माणूस भान हरपल्यासारखा वागत असेल, तर पुढच्या आठवड्यातल्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. खाजगी कन्सल्टिंग रूम म्हणजे कॅज्युअल्टी नव्हे. थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा, त्या माणसाला एकटं सोडू नका, घरातला गोळ्यांचा साठा हलवा.

आता कागदाचं. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण माझ्या मते निम्मा उपचार इथे ठरतो.

चालू असलेली प्रत्येक गोळी लिहा. "प्रत्येक" म्हणजे प्रत्येक. लोक मनाची औषधं सांगतात आणि बाकीची गाळतात. गुडघ्यासाठी घेतलेली वेदनाशामक गोळी कशाला सांगायची, असं वाटतं. तर ऐका: लिथियम चालू असताना आयब्युप्रोफेनसारखी साधी वेदनाशामक नियमित घेतली तर लिथियमची रक्तातली पातळी चढते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही चढते. लिथियम १९४९ पासून वापरात आहे, ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी त्याचा उपयोग दाखवला, आणि बायपोलरमध्ये आजही ते पहिल्या फळीतलं औषध आहे. पण त्याचा उपयोगी डोस आणि विषारी डोस यांत अंतर फार थोडं. घबराटीत छाती धडधडते म्हणून प्रोप्रॅनोलॉल लिहितात. दमा असलेल्याला ते धोक्याचं. तुम्ही दमा सांगितलाच नाहीत, तर मन बघायला बसलेला माणूस तुमची छाती तपासेलच असं नाही. "नैसर्गिक आहे, त्याने काय होतंय" म्हणून घेतलेलं सेंट जॉन्स वर्ट हे वनस्पतीचं औषध नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांबरोबर गंभीर त्रास देऊ शकतं. वेदनेसाठीचं ट्रॅमाडॉलही त्याच यादीत.

मग मागची औषधं. नाव, डोस, किती आठवडे घेतली, का थांबवली. "एक पांढरी गोळी होती, त्याने काही फरक पडला नाही" हे वाक्य डॉक्टरला काहीच सांगत नाही. दहा दिवस घेऊन सोडलेली गोळी आणि पूर्ण डोसमध्ये दोन महिने घेऊनही न लागलेली गोळी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे कळलं नाही तर उपयोगी पडू शकणारं औषध कायमचं बाद होतं. जुन्या चिठ्ठ्या नसतील तर तुमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये विचारा. बिलं बहुतेक वेळा सापडतात.

दारू, तंबाखू, गांजा, झोपेच्या गोळ्या: खरं सांगा. डॉक्टर न्यायाधीश नाही. सिगारेटचाही संबंध असतो बरं का. धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात क्लोझापिन आणि ओलॅन्झापिन (स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरची औषधं) कमी राहतं, आणि सिगारेट अचानक सोडली की त्याच डोसात ते वाढतं.

आणखी एक गोष्ट, जी उदास माणूस स्वतःहून सांगत नाही कारण ती त्याला आजार वाटतच नाही. आयुष्यात कधी असे दिवस आले का, की झोप जेमतेम तीन तास पण थकवा नाही, डोक्यात कल्पनांचा पूर, खर्चाला धरबंध नाही, बोलणं थांबत नाही? घरच्यांना आठवत असतं. ते दिवस लपले तर आजार बायपोलर असूनही निदान साध्या नैराश्याचं होतं, आणि अशा माणसाला नुसती नैराश्याची गोळी दिली तर तो दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला नाही तर तुम्ही विषय काढा.

म्हणून सोबत माणूस न्या. पण पूर्ण वेळ त्याला शेजारी बसवू नका. थोडा वेळ एकट्याने बोलायला मिळायलाच हवा आणि ते मागण्यात संकोच नको. नवऱ्यासमोर बायको काय सांगेल, आईसमोर मुलगा काय सांगेल, हे सांगायला मानसशास्त्र शिकावं लागत नाही. गुप्ततेबद्दलही पहिल्याच भेटीत विचारून घ्या. गुप्तता पाळली जाते, पण ती निरपवाद नसते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली टॅरासॉफ खटल्यात म्हटलं, की रुग्णाकडून एखाद्या व्यक्तीच्या जिवाला धोका असेल तर तिला वाचवण्याची काळजी घेणं उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे. ठिकठिकाणचे नियम वेगळे आहेत. तुमच्या डॉक्टरांची मर्यादा कुठे आहे, ते त्यांच्याच तोंडून ऐका.

आता चिठ्ठी हातात पडते तो क्षण. इथे माणसं घाईघाईने उठतात. उठू नका. निदान काय वाटतंय, ते विचारा. पहिल्या भेटीत ते कच्चंही असू शकतं आणि "अजून खात्री नाही, दोन भेटींनी सांगतो" म्हणणारा डॉक्टर मला तरी जास्त भरवशाचा वाटतो. पण जे काही वाटतंय ते कागदावर लिहून मागा. मग प्रत्येक गोळीचं काम, ती किती दिवसांनी लागू होईल, आणि किती काळ घ्यायची.

या "किती दिवसांनी" मध्ये सगळी गोम आहे. नैराश्याच्या गोळ्या लागू व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला त्याहून जास्त. मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा मात्र पहिल्या आठवड्यातच येतो. म्हणजे आधी त्रास, मग गुण. हे कुणी सांगितलं नसेल तर माणूस पाचव्या दिवशी गोळी सोडणार, आणि सोडतोच. दुसऱ्या महिन्याची चिठ्ठी घेऊन न आलेली कितीतरी नावं माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. लैंगिक इच्छा कमी होणं हा तर या गोळ्यांचा अगदी नेहमीचा दुष्परिणाम, पण त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. गुपचूप गोळी बंद. अहो, डोस बदलता येतो, गोळी बदलता येते, पण डॉक्टरला कळलं तर ना!

पहिलं औषध लागलं नाही म्हणून डॉक्टर वाईट, असंही नाही. अमेरिकेत झालेल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासाचे निकाल २००६ मध्ये आले. त्यात पहिल्या गोळीवर नैराश्य पूर्ण ओसरलेले रुग्ण साधारण तिघांत एक होते. बदल करावा लागणं हाच नियम आहे.

तरुणांच्या बाबतीत एक जास्तीची खबरदारी. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी नैराश्याच्या गोळ्यांवर २००४ मध्ये मुलांसाठी ठळक इशारा छापायला लावला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लावला, कारण सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. याचा अर्थ गोळी देऊ नका असा नाही. पहिले काही आठवडे घरच्यांनी डोळ्यात तेल घालून लक्ष द्यायचं आणि डॉक्टरांनी लवकर परत बोलवायचं, एवढाच.

"सवय लागेल का?" हा प्रश्न मला रोज येतो आणि जवळपास रोज चुकीच्या गोळीबद्दल येतो. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम या नैराश्याच्या गोळ्यांची नशा लागत नाही. मात्र अचानक बंद केल्यास चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, विशेषतः पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनच्या बाबतीत. म्हणून डोस उतरवत न्यायचा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम या झोपेच्या-घबराटीच्या औषधांची मात्र खरोखर सवय लागते. ती सहसा दोन ते चार आठवड्यांपुरती असावीत. याच गोळीबद्दल लोक बिनधास्त असतात, कारण पहिल्याच रात्री झोप लागते! तीच चिठ्ठी वर्षभर पुढे पुढे चालू राहते. "ही कधी थांबवायची?" हा प्रश्न ती सुरू होतानाच विचारा. आणि बराच काळ घेतली असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते.

तपासण्या? थायरॉईड बिघडलं की उदासी येते, म्हणून रक्त तपासायला सांगितलं तर ते लुबाडणं नव्हे. ओलॅन्झापिन, क्वेटियापिन सुरू होत असेल तर वजन, साखर, चरबी आधीच मोजून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी वाढ कुठून झाली कळणार नाही. लिथियमची पातळी शेवटच्या डोसनंतर सुमारे बारा तासांनी मोजतात. सकाळची गोळी खाऊन लॅबमध्ये गेलात की आकडा फुगलेला येतो आणि मग सगळेच घाबरतात. मूल होण्याचा विचार असेल तर आधी सांगा, विशेषतः व्हॅल्प्रोएट चालू असेल तर. बाळाच्या पाठीच्या कण्यात आणि मेंदूत दोष राहण्याचा धोका त्यात मोठा असतो.

काही दवाखान्यांतून मी सरळ उठून जायला सांगेन. औषधाचं नावच सांगत नाहीत, पुड्या बांधून देतात. पाच मिनिटांत, काही न विचारता, पाच गोळ्या. "शंभर टक्के बरं करतो." डॉक्टर रूमबाहेरची मैत्री, उसनवारी, खाजगी भेटी सुरू करतात, हे कितीही आपुलकीचं वाटलं तरी चूकच. उलट, फॉलोअपची भेट दहा मिनिटांची होती म्हणून मी लगेच नावं ठेवणार नाही. माणूस स्थिर असेल, झोप-भूक-काम ठीक असेल, तर दहा मिनिटं पुरतात. पहिल्या भेटीत मात्र पुरत नाहीत. आणि "गोळीची गरज नाही, थेरपी घ्या" म्हणून रिकाम्या हाताने परत पाठवणारा डॉक्टर? माझ्या गल्ल्याचं नुकसान झालं तरी मी त्याचंच नाव सुचवेन.

डॉक्टर पटला नाही तर बदला, त्यात बेइमानी काही नाही. फक्त जाताना निदान, औषधांची नावं, डोस, तारखा आणि काय लागू पडलं काय नाही, एवढं लिहिलेला कागद मागून घ्या. आणि दुसरी अपॉइंटमेंट मिळेपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या हाताशी आहेत ना, ते आधी बघा. गोळ्या संपल्यावर चिठ्ठीशिवाय मागायला आलात तर मला नाही म्हणावं लागतं.

कमेंटमध्ये कृपया स्वतःच्या चिठ्ठीचे फोटो टाकू नका. डोस मी इथे सांगणार नाही.