हातउसने घेतलेत ना? मग घाई कसली!

घेतलेले पैसे वेळेवर परत करायची घाई नवशिके करतात. तुम्ही त्यातले नाही, हे मित्राने पैसे मोजतानाच ओळखायला हवे होते.

पहिले पथ्य: कागदावर काही येऊ देऊ नका. उसने पैसे परत मिळवायचा दावा साधारण 3 वर्षांत लावावा लागतो. तोवर "जरा स्थिरस्थावर झालो की आधी तुझेच" हे तोंडी हवे तितके म्हणा. पण मुदत संपण्याआधी "देणे आहे" असे लिहून सही केलीत, की 3 वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजायची. मुदत कायद्यात सापडतो तो सभ्य ऋणकोच.

चेक दिला असेल तर मात्र पंचाईत. तो वटला नाही आणि नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर चेकसंबंधीच्या कायद्याच्या (नेगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या) कलम 138खाली फौजदारी: 2 वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोस्टमनला बघून दार लावण्यात अर्थ नाही. योग्य पत्त्यावरची नोटीस नाकारलीत तरी ती मिळालीच असे धरतात. "कोरा चेक होता, सही तेवढी माझी" हे तर सगळेच म्हणतात. सही कबूल केलीत की चेक कर्जापोटीच दिला असे कोर्ट गृहीत धरते, उलटे सिद्ध करायचे तुम्ही. (माणसाच्या शब्दाला काही किंमत?)

चेक नसेल तर दिवाणी कोर्टासारखा निवारा नाही. कोर्ट फी वादी भरतो, एवढे लक्षात घ्या आणि निवांत बसा. कैफियतीला, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तराला, 30 दिवस, कोर्टाने मुभा दिली तर 90. तीनपेक्षा जास्त तहकुबी नकोत असे दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिले आहे; ते वाचून छातीत धडधडले, तर कोर्टाच्या व्हरांड्यात थोडा वेळ उभे राहा, बरे वाटेल. कैफियतीत लिहा की वादीला ओळखत नाही. ओळखत असलो तरी पैसे घेतले नाहीत. घेतले असले तरी फेडले. फेडले ते रोखीने, आणि मैत्रीत पावती कोण मागतो?

एवढे करून हुकूमनामा, म्हणजे पैसे द्या असा कोर्टाचा निकाल, झालाच, तर मित्राला पेढे वाटू द्या. वसुलीसाठी त्याला वेगळी दरखास्त लावायची आहे, आणि तुमची मालमत्ता कुठे आहे ते शोधायचेही त्यालाच. नेसूचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी जप्त होत नाहीत. फक्त घर घाईघाईने मेव्हण्याच्या नावावर करू नका. देणे चुकवायला केलेले असले व्यवहार रद्द करून घेता येतात.

राहता राहिला दिवाणी तुरुंग. निव्वळ ऐपत नाही म्हणून तुम्हाला आत घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच सांगून ठेवले आहे. पैसे असून देत नाही, असे मित्राने दाखवलेच तर जास्तीत जास्त 3 महिने. त्या काळातला तुमच्या जेवणाखाण्याचा भत्ता कोणी भरायचा? त्यानेच, आणि तोही आगाऊ. भरायचा थांबला की तुम्ही बाहेर. बाहेर आल्यावर कर्ज फिटत नाही हे खरे, पण त्याच हुकूमनाम्याखाली पुन्हा अटक नाही. भत्त्याची रक्कम दाव्याच्या खर्चात धरून तुमच्याच नावावर मांडतात. म्हणजे त्याने तुम्हाला पुन्हा उसने दिले, आणि या वेळच्या उसन्यापायी तुम्हाला आत टाकायची सोय कायद्याने ठेवलेलीच नाही.