वेदीपाशी थांबलेला इतिहास

राय गावच्या चर्चवरचा लेख आवडला. पण सगळा मजकूर वेदी आणि घुमटाचा, शेताचा उल्लेख एका ओळीत! अहो, ५ ऑगस्टला तिथे कणसांचं फेस्त, म्हणजे भाताच्या नव्या कणसांचा सण, होतं, गोव्यातलं वर्षातलं पहिलं. ताळगावचं २१ ऑगस्टला. पाद्री आशीर्वाद देतात, विळ्याने कणसं कापतात आणि लोक ती घरी नेतात.

आमच्या फोंड्याकडे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम. शेतातली कणसं गणपतीपुढे ठेवून मग दाराला बांधायची. गेल्या वर्षीची वाळकी जुडी आई सोडते तेव्हा तिच्यात एक दाणा शिल्लक नसतो, चिमण्यांनी कधीच टिपलेला असतो.

आणि गावकरी, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणारी संस्था, कुठे गेली लेखातून? ती पोर्तुगिजांच्या आधीची. पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाच्या १५२६च्या फोरालात (सनदेत) तिसवाडीतल्या गावकऱ्यांच्या रूढीच लिहून काढल्या आहेत. पुढे देवळं मोडली, चर्च उभी राहिली, गावकरीचं नाव कोमुनिदाद झालं. पण खाजनाचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतांचे, बांध आणि खाऱ्या पाण्याला अडवणारी मानस (बांधातलं झडपेचं दार) सांभाळायचं काम पोर्तुगीज काळातही तिच्याकडेच राहिलं. मानस फुटली की शेत खारं, मग फेस्ताला कणसं आणायची कुठून? पुढच्या भागात यावर लिहाच.